दोन्ही दारं बंद : माइक विल्यम्सने एक सही केली आणि वर्ष गेलं

ज्यांना इयरफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतोय. बोलण्यातलं थोडं लिहिण्यात आलंय, तेवढं चालवून घ्या.

आजची गोष्ट अमेरिकेतली आहे आणि २००४ सालची आहे. एक वीस वर्षांचा मुलगा, कॉलेजच्या टीमचा स्टार. कोर्टाचा एक निकाल येतो, त्याच्यापुढे व्यावसायिक खेळाचं दार उघडतं. तो कॉलेज सोडतो, एजंट नेमतो. मग वरचं कोर्ट त्या निकालावर स्थगिती देतं आणि ते दार बंद होतं. तो मागे वळतो, कॉलेजकडे येतो आणि म्हणतो, मला परत घ्या. तिथेही उत्तर येतं, नाही. एकाच वर्षात दोन्हीकडून नकार, आणि मुलगा घरी.

त्याचं नाव माइक विल्यम्स. यात कोण बरोबर, कोण चूक हा प्रश्न आहेच. पण मला जास्त रस आहे तो वेगळ्या प्रश्नात : हे नियम ठरले तेव्हा टेबलावर कोण कोण बसलं होतं?

आधी खेळ कुठला ते

फुटबॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोल्हापूरचं शाहू स्टेडियम आलं असेल, तर ते जरा बाजूला ठेवा. हा अमेरिकन फुटबॉल. लांबट अंडाकृती चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड आणि धडकाधडकी. यातला वाइड रिसीव्हर म्हणजे पुढे पळत जाऊन लांबवर फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू. माइक विल्यम्स हा वाइड रिसीव्हर. चांगला सहा फूट पाच इंच उंच. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारा. तो आपल्या गोष्टीत थोड्या वेळाने येईल.

या खेळाची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. ३२ टीम. आणि कॉलेजच्या खेळावर नियंत्रण ठेवणारी संस्था म्हणजे एनसीएए. या दोन संस्था वेगळ्या आहेत. एकीचे नियम दुसरीला लागू नाहीत. हे डोक्यात ठेवा, कारण सगळी गोम इथेच आहे.

एनएफएलमध्ये नवीन खेळाडू येतात ते ड्राफ्टमधून. आयपीएलचा लिलाव तुम्ही बघता, तिथे बोली लागते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. ढोबळमानाने सांगायचं तर मागच्या वर्षी जो सगळ्यात खाली राहिला त्याची पहिली पाळी. अशा सात फेऱ्या, साधारण अडीचशे मुलं. जितक्या वरच्या नंबरावर उचलतील तितका पहिला करार मोठा. पहिल्या दहात नाव येणं आणि तिसऱ्या फेरीत येणं यात जमीन-अस्मानाचा फरक.

आणि हा खेळ शरीर खातो. गुडघा गेला की गेला. त्यामुळे "एक वर्ष थांब ना, घाई काय आहे?" हा सल्ला आपल्याला वाटतो तितका फुकट नसतो. त्या एका वर्षाची किंमत असते आणि ती फक्त खेळाडू मोजतो.

तीन वर्षांचा नियम आला कुठून?

१९२५ साली इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रेंज नावाचा खेळाडू प्रचंड लोकप्रिय होता. कॉलेजचा शेवटचा सामना खेळला आणि लगेच, पदवी पूर्ण व्हायच्या आधीच, शिकागो बेअर्सकडून पैसे घेऊन खेळायला लागला. कॉलेजवाले संतापले. एनएफएल तेव्हा लहान होती, कॉलेज फुटबॉल मोठा होता. कॉलेजांशी वैर परवडणारं नव्हतं. म्हणून लीगने नियम केला की मुलाच्या बॅचची कॉलेजची वर्षं पूर्ण होईपर्यंत आम्ही त्याला हात लावणार नाही.

म्हणजे मुळात हा नियम मुलांच्या भल्यासाठी आला असं म्हणणं जरा धाडसाचं आहे. दोन धंद्यांनी आपापसात केलेला तो समझोता होता.

पुढे १९९० मध्ये ही मुदत तीन वर्षांवर आली. शाळा, म्हणजे त्यांचं हायस्कूल, सोडल्यानंतर फुटबॉलचे तीन पूर्ण सीझन उलटले पाहिजेत. ते तुम्ही खेळून काढा नाहीतर घरी बसून, लीगला फरक पडत नाही. कॅलेंडर पुढे सरकलं पाहिजे, एवढंच.

आता बास्केटबॉल बघा. जून २००३ मध्ये ओहायो राज्यातला लेब्रॉन जेम्स थेट हायस्कूलमधून एनबीएत गेला, ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरावर. वय अठरा. त्याच राज्यातला, जवळपास त्याच वयाचा एक फुटबॉलपटू हे बघत होता. त्याचं नाव मॉरिस क्लॅरेट.

क्लॅरेटचा खटला

क्लॅरेट ओहायो स्टेटचा रनिंग बॅक. २००२ मध्ये, पहिल्याच वर्षी, त्याने १,२३७ यार्ड धावून काढले. जानेवारी २००३ मध्ये फिएस्टा बोलमध्ये मायामीविरुद्ध सामना दुसऱ्या जादा डावापर्यंत गेला आणि निर्णायक टचडाउन क्लॅरेटनेच केलं. ओहायो स्टेट ३१-२४ ने जिंकून राष्ट्रीय विजेते झाले.

त्यानंतर सगळं बिघडलं. नियमबाह्य लाभ घेतले आणि चौकशीत खरं सांगितलं नाही, असा ठपका ठेवून विद्यापीठाने त्याला २००३ च्या पूर्ण सीझनसाठी निलंबित केलं. कॉलेजात खेळता येत नाही, एनएफएल घेत नाही. त्याने हायस्कूल पूर्ण केलं होतं डिसेंबर २००१ मध्ये, त्या वर्षीचा सीझन बराचसा उरकल्यावर. त्यामुळे लीगच्या हिशेबात त्याचे तीन पूर्ण सीझन भरत नव्हते. थोडक्यात हुकत होते.

सप्टेंबर २००३ मध्ये त्याने एनएफएलवर खटला भरला. म्हणणं सोपं होतं. ३२ टीम एकमेकांच्या प्रतिस्पर्धी आहेत. त्या सगळ्या मिळून जर ठरवत असतील की अमुक मुलाला कुणीच नोकरी द्यायची नाही, तर हे मक्तेदारीविरोधी कायद्याचं उल्लंघन आहे.

५ फेब्रुवारी २००४ रोजी न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायाधीश शीरा शाइंडलिन यांनी निकाल दिला : क्लॅरेट बरोबर आहे, त्याला ड्राफ्टमध्ये येऊ द्या. एनएफएलचा बचाव होता की एवढ्या लहान वयाच्या मुलांची शरीरं तयार नसतात, दुखापती होतील. न्यायाधीशांना तो पटला नाही. प्रत्येक खेळाडूची तपासणी करता येते, त्यासाठी सगळ्यांनाच बाहेर ठेवायची गरज काय, असा त्यांचा रोख होता.

एनएफएलने लगेच अपील केलं. पण अपील चालू असताना निकाल लागू होता. म्हणून लीगने जाहीर केलं की या निकालामुळे पात्र ठरणाऱ्यांनी १ मार्चपर्यंत अर्ज करावेत.

विल्यम्सची सही

आता येतो माइक विल्यम्स. कॉलेज यूएससी, म्हणजे लॉस एंजेलिसमधलं युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया. कोच पीट कॅरल. २००३ च्या सीझनमध्ये विल्यम्सने ९५ झेल, १,३१४ यार्ड आणि १६ टचडाउन केले. यूएससीला त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपदात वाटा मिळाला. ड्राफ्टमध्ये आला तर अगदी वरच्या नंबरांत जाईल, असं सगळेच बोलत होते.

त्याने हायस्कूल २००२ मध्ये पूर्ण केलेलं. दोनच सीझन झालेले. जुन्या नियमाने त्याला २००५ पर्यंत थांबायचं होतं. शाइंडलिनबाईंच्या निकालाने ते एक वर्ष वाचत होतं.

त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. थांबलात आणि निकाल टिकला, तर एक वर्ष फुकट खेळायचं. त्या वर्षात गुडघा गेला तर करोडो डॉलर गेले. गेलात आणि निकाल टिकला, तर एप्रिलमध्ये श्रीमंत. गेलात आणि निकाल उलटला तर? ही तिसरी शक्यता होती, पण फेब्रुवारीत तिचा आवाज बारीक होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस विल्यम्सने जाहीर केलं की तो ड्राफ्टमध्ये उतरतोय. कॉलेजचे वर्ग सोडले. आणि एजंट नेमला.

ही एजंटची सही फार महत्त्वाची. एनसीएएच्या नियमांनुसार कॉलेजचा खेळाडू हा हौशी असला पाहिजे. एजंटशी करार केला, त्याच्याकडून पैसे घेतले, की तुमचं हौशीपण संपलं. आपल्याला कदाचित हे अजब वाटेल, कारण वकील नेमला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. पण त्या जगात एजंट नेमणं म्हणजे उंबरठा ओलांडणं होतं. त्या उंबरठ्यावरून परत येताना परवानगी लागत होती.

१९ एप्रिल

ड्राफ्ट होता २४ आणि २५ एप्रिलला. १९ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये अपील न्यायालयात सुनावणी झाली आणि त्याच दिवशी तीन न्यायाधीशांनी खालच्या निकालाला स्थगिती दिली. निकालापासून स्थगितीपर्यंत ७४ दिवस. दार एवढाच काळ उघडं होतं.

इथे कोर्टाची भाषा थोडी समजून घेऊ. स्थगिती म्हणजे अंतिम निकाल नव्हे. कोर्ट एवढंच म्हणतं, की आम्ही पूर्ण विचार करेपर्यंत आधीची परिस्थिती राहू द्या. एनएफएलने सांगितलं होतं की पुढे निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला तर त्यांच्यासाठी वेगळा पूरक ड्राफ्ट घेऊ. म्हणजे कागदावर त्यांचं कायमचं नुकसान होत नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयात तातडीचे अर्ज गेले. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी नकार दिला, मग न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनीही दिला. ड्राफ्ट झाला. क्लॅरेट नाही, विल्यम्स नाही.

२४ मे रोजी अपील न्यायालयाचा सविस्तर निकाल आला. तो लिहिला होता सोनिया सोटोमायोर यांनी, ज्या पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या. निकाल पूर्णपणे एनएफएलच्या बाजूने.

कोर्टाने नियम का राखला?

हा भाग जरा सावकाश ऐका, म्हणजे वाचा. कारण इथे खेळापेक्षा मोठी गोष्ट आहे.

कोर्टाने असं म्हटलं नाही की तीन वर्षांचा नियम चांगला आहे. कोर्टाने म्हटलं, हा प्रश्न मक्तेदारीच्या कायद्याचा नाहीच, कामगार कायद्याचा आहे.

एखादा कारखाना घ्या. मालक आणि युनियन बसून ठरवतात : पगार किती, पाळ्या कशा, नवीन भरती कोणत्या निकषावर. आता गेटबाहेर रांगेत उभा असलेला उमेदवार म्हणतो, "मी तर युनियनचा सभासद नव्हतो, माझ्यावर हे निकष का?" कायदा म्हणतो, चालणार नाही. युनियन आजच्या कामगारांच्या वतीने बोलते तशीच उद्याच्या कामगारांच्या वतीनेही बोलते. त्या वाटाघाटीतून आलेल्या अटी मक्तेदारीच्या कायद्याने तोडायला लागलो, तर सामूहिक कराराला अर्थच उरणार नाही.

एनएफएलच्या खेळाडूंची युनियन आहे. लीग आणि युनियन यांच्यात १९९३ पासून सामूहिक करार होता. तीन वर्षांचा नियम त्या करारात लिहिलेला नव्हता, तो लीगच्या घटनेत होता. पण कोर्ट म्हणालं, युनियनला तो माहीत होता, भरतीचे निकष हा वाटाघाटीचा विषय आहे आणि युनियनने तो मान्य करून चालवला. झालं.

कायद्याच्या चौकटीत हे म्हणणं पक्कं आहे. कामगार चळवळीच्या बाजूने विचार केला तर तत्त्वही महत्त्वाचं आहे. उद्या प्रत्येक नवा उमेदवार कोर्टात जाऊन करार मोडायला लागला तर युनियनला कोण विचारेल?

पण आता टेबलाकडे बघा. एका बाजूला मालक. त्यांना कॉलेजात फुकट तयार झालेला, तीन वर्षं पारखलेला माल मिळतोय. दुसऱ्या बाजूला आज खेळणारे खेळाडू. रोस्टरवर जागा मोजक्या. नवीन वीस वर्षांचा मुलगा आला की कुणीतरी तिशीतला घरी जातो. मग या दोघांपैकी कोणाला त्या मुलासाठी भांडायचं कारण आहे? कोणालाच नाही. त्याच्या वतीने बोलणारे तेच होते, ज्यांची नोकरी तो घेणार होता.

परत कॉलेजच्या दारात

एनएफएलचं दार लागल्यावर विल्यम्सने तेच केलं जे कुणीही केलं असतं. कॉलेजात परत जाऊन एक सीझन खेळायचं आणि २००५ ला नियमाप्रमाणे बाहेर पडायचं.

त्यासाठी दोन अडथळे होते. पहिला, हौशीपणाचा. त्याने एजंटशी संबंध तोडले, घेतलेले पैसे परत केले. दुसरा, अभ्यासाचा. एनसीएएचा नियम आहे की खेळाडूने पदवीच्या दिशेने पुरेशी प्रगती केलेली असली पाहिजे. फेब्रुवारीत वर्ग सोडल्यामुळे त्याचे क्रेडिट कमी पडत होते. त्याने उन्हाळ्यात पुन्हा वर्ग घेतले. यूएससीने त्याच्या वतीने एनसीएएकडे दोन्ही बाबतीत सूट मागितली.

उन्हाळा गेला. यूएससीचा पहिला सामना २८ ऑगस्टला होता, व्हर्जिनिया टेकविरुद्ध. एनसीएएचं उत्तर आलं २६ ऑगस्टला. दोन दिवस आधी. उत्तर, नाही.

एनसीएएची बाजू समजून घ्यायला हवी. त्यांच्या दृष्टीने या मुलाला कुणी ढकललं नव्हतं. निकालाविरुद्ध अपील चालू आहे हे माहीत असताना तो गेला. एजंट नेमला, पैसे घेतले, अभ्यास सोडला. त्याला परत घेतलं तर उद्या प्रत्येक जण आधी बाजारात भाव काढून बघेल आणि जमलं नाही की परत येईल. मग हौशी या शब्दाचा अर्थ काय राहिला? नियम म्हणून विचार केला तर यात तथ्य आहे.

तरीही एक गोष्ट खटकते. विल्यम्सने फसवणूक केली नव्हती. एका फेडरल न्यायाधीशाने सांगितलं होतं की तुला हक्क आहे. एनएफएलने स्वतः तारीख देऊन अर्ज मागवले होते. त्याने त्या निकालावर विश्वास ठेवला. तो निकाल उलटल्याचा भुर्दंड लीगला पडला नाही, कोर्टाला पडला नाही, विद्यापीठालाही फारसा नाही. यूएससी त्याच्याशिवाय २००४ मध्ये एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत गेली. भुर्दंड पडला तो एकट्याला.

आणि इथेही टेबल बघा. एनसीएए ही विद्यापीठांची संघटना. नियम विद्यापीठं करतात. खेळाडूंची युनियन नाही, करार नाही. एनएफएलच्या टेबलावर निदान कुणीतरी खेळाडू होते. इथे तर खुर्चीच नव्हती.

एका वर्षाच्या अंतरावरचा दुसरा मुलगा

त्याच २००४ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरावर ॲरिझोना कार्डिनल्सने लॅरी फिट्झजेराल्डला घेतलं. तोही वाइड रिसीव्हर. तोही कॉलेजात, पिट्सबर्गला, दोनच सीझन खेळलेला. मग तो कसा चालला?

कारण कॉलेजात येण्याआधी तो व्हॅली फोर्ज मिलिटरी अकॅडमीत होता. त्याच्या मूळ शाळेतली बॅच बाहेर पडून तीन वर्षं झाली होती. एनएफएलने त्याला पात्र धरलं. कोर्टाची गरजच पडली नाही.

दोघांचे कॉलेजचे सीझन सारखेच. फरक होता तो शाळेच्या कॅलेंडरचा. फिट्झजेराल्डने पुढे एनएफएलमध्ये १,४३२ झेल घेतले. जेरी राइसनंतर इतिहासात सगळ्यात जास्त. विल्यम्स वेळेवर आला असता तर त्याचंही असंच झालं असतं, असं मी म्हणणार नाही. पण "शरीर तयार नसतं म्हणून नियम आहे" हा युक्तिवाद या जोडीपुढे जरा अडखळतो, एवढं नक्की.

मग विल्यम्सचं काय झालं?

२००४ मध्ये तो एकही सामना खेळला नाही. एप्रिल २००५ मध्ये डेट्रॉइट लायन्सने त्याला पहिल्या फेरीत दहाव्या नंबरावर घेतलं. म्हणजे पैसे मिळाले, नाव टिकलं. पण वर्षभर सामन्यांपासून लांब राहिलेला, वजन वाढलेला खेळाडू आणि एक हरणारी टीम. पहिल्या सीझनला २९ झेल. दुसऱ्याला ८. मग ओकलँड, मग टेनेसी. २००८ आणि २००९ मध्ये तो एनएफएलच्या मैदानावर दिसलाच नाही.

२०१० मध्ये त्याचा जुना कोच पीट कॅरल सिॲटल सीहॉक्सला आला. त्याने विल्यम्सला चाचणीला बोलावलं. विल्यम्स वजन उतरवून आला, टीममध्ये बसला आणि त्या सीझनला ६५ झेल, ७५१ यार्ड. तोवर त्याची कारकीर्द संपली असंच लोक धरून चालले होते. दोन वर्षांत तो पुन्हा बाहेर गेला, पण ते एक वर्ष त्याने कमावलं.

क्लॅरेटची वाट जास्त खडतर. २००५ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच सोडलं. एनएफएलचा एकही अधिकृत सामना तो खेळला नाही. २००६ मध्ये गुन्ह्यांत अडकला, तुरुंगात गेला, २०१० मध्ये सुटला. नंतर त्याने मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती या क्षेत्रात काम उभं केलं.

या सगळ्याला तीन वर्षांचा नियमच जबाबदार, असं म्हणणं बरोबर नाही. माणसाच्या आयुष्यात अनेक गोष्टी असतात. पण ऐन उमेदीत खेळापासून तुटलेला काळ भरून निघत नाही, हे दोघांच्याही बाबतीत दिसतं.

आज असं होईल का?

एनएफएलचा तीन वर्षांचा नियम आजही आहे. सोटोमायोर यांचा निकाल आजही उभा आहे.

कॉलेजची बाजू मात्र ओळखू येणार नाही इतकी बदलली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध ९-० असा निकाल दिला. पुढच्याच महिन्यापासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला मर्यादा, साधारण दोन कोटी पाच लाख डॉलर. विल्यम्सचा यूएससीतला सहकारी रेजी बुश याला बाहेरून लाभ घेतल्याच्या प्रकरणात २०१० मध्ये हाइझमन ट्रॉफी सोडावी लागली होती. ती २०२४ मध्ये त्याला परत मिळाली, कारण जग बदललं.

आणि गंमत बघा, आता खटले उलटे चालतात. तेव्हा मुलं म्हणत होती, आम्हाला लवकर जाऊ द्या. आता म्हणतात, आम्हाला अजून राहू द्या. व्हँडरबिल्टचा क्वार्टरबॅक डिएगो पाविया याने नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएवर खटला भरला. नियम असा की पाच वर्षांत चार सीझन. पावियाचं म्हणणं, मी सुरुवातीला ज्या ज्युनियर कॉलेजात खेळलो ती वर्षं यात मोजू नका. ते एनसीएएच्या अखत्यारीतलं कॉलेजच नव्हतं आणि आता प्रत्येक सीझनला बाजारात किंमत आहे. १८ डिसेंबरला कोर्टाने अंतरिम आदेश दिला. तो २०२५ चा सीझन खेळला.

पण त्याच २०२५ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका खेळाडूला फेब्रुवारीत असाच अंतरिम आदेश मिळाला आणि जुलैत वरच्या कोर्टाने तो उलटवला. पुन्हा तेच. खालच्या कोर्टाच्या कागदावर आयुष्याचं वर्ष बेतायचं आणि वाट बघायची.

यातून आपण काय घ्यायचं?

आपल्यातले फार थोडे जण ड्राफ्टमध्ये जाणार आहेत. पण विशीत सही करायची वेळ सगळ्यांवर येते. कॉलेज सोडून नोकरी, बॉन्ड असलेली ट्रेनिंग, अकॅडमीचा करार, मॅनेजर नेमणं. मला या गोष्टीतून तीन प्रश्न दिसतात.

एक, ज्या निकालावर किंवा घोषणेवर मी पाऊल टाकतोय ती अंतिम आहे का? अपील चालू असलेला निकाल हा पाया नसतो, परांची असते. तिच्यावर उभं राहून काम करता येतं, पण ती काढली जाऊ शकते.

दोन, मी जे करतोय त्यातलं काय परत फिरवता येतं आणि काय नाही? विल्यम्सने तीन गोष्टी एकदम केल्या : नाव दिलं, एजंट नेमला, वर्ग सोडले. वर्ग चालू ठेवले असते तर ऑगस्टमधले दोन अडथळे एकावर आले असते. त्याने उत्तर बदललं असतं की नाही, सांगता येत नाही. पण दुसरं दार थोडं किलकिलं राहिलं असतं.

तीन, हा नियम कोणी केला आणि तेव्हा माझ्या वतीने बोलायला कोणी होतं का? नसेल, तर नियम वाईटच असेल असं नाही. पण आपली अडचण झाली की तो आपल्याकडे बघून वाकणार नाही, हे धरून चाला.

विल्यम्सला लोकांनी घाईघाईचा म्हटलं, लोभी म्हटलं. मला तसं वाटत नाही. त्याने एका न्यायाधीशाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि वीस वर्षांच्या मुलाने ठेवू नये असं त्यात काही नव्हतं. फक्त तो शब्द उलटला तेव्हा नुकसान वाटून घ्यायला त्याच्या शेजारी कोणी नव्हतं.

तुमच्या ओळखीत कोणी असं दोन दारांच्या मध्ये अडकलंय का? खेळात, शिक्षणात, नोकरीत? कॉमेंटमध्ये लिहा, नाव न घेता लिहिलंत तरी चालेल. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि सही करण्याआधी कागद शेवटपर्यंत वाचा.